गावचं घर विकलं जातंय? मग परसातली झाडं कशी वाचवायची ते आधी वाचा

आमचं शिरोड्याजवळचं घर विकलं त्याला आता तीन वर्षं होतील. मार्चमध्ये साठेखत, म्हणजे विक्रीचा करार झाला, मे अखेरीस चावी दिली, आणि झाडांबद्दल आम्ही सगळ्या भावंडांनी एवढंच ठरवलं होतं की पाऊस पडू दे, चतुर्थीला शेजारी काकींकडे उतरणारच आहोत तेव्हा अबोली, अनंत, हिरवा चाफा सगळ्याच्या फांद्या घेऊन येऊ. चतुर्थीला गेलो तर मागीलदारी नुसती लाल माती. सपाट. जेसीबीने सुरंगीसकट सगळं काढलेलं, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळूसुद्धा नाही, विहीर आणि गडग्याकडचे दोन माड तेवढे उभे. घेणाऱ्याने चोरी केली नव्हती हो, कागदाप्रमाणे ते सगळं त्याचंच होतं. आजीने चाळीस वर्षं ज्या अबोलीचे वळेसर केले ती अबोली आता आमच्या कुणाकडे नाही आणि तशी फिकट केशरी मला अजून कुठल्या नर्सरीत दिसलेली नाही.

दुसऱ्या वर्षी मावशीचं गुहागरकडचं घर विकायला निघालं. तेव्हा मात्र मी पहिल्या दिवसापासून झाडांच्या मागे लागले आणि बरंचसं वाचलं. दोन्ही वेळी जे शिकले ते क्रमाने लिहितेय, कारण आता गावोगाव घरं विकली जातायत आणि प्रत्येक जण तीच चूक करतोय, म्हणजे घराचे कागद वर्षभर आधी गोळा करायचे आणि झाडांचा विचार चावी देताना करायचा.

१. सौदा ठरायच्या आधी एक दिवस फक्त झाडांसाठी काढा

मोबाईल, वही, पेन घ्या आणि घराभोवती फिरा. पुढचं खळं, तुळशीकडचा भाग, मागीलदार, विहीर, न्हाणी, मांगराच्या मागे, गडग्याच्या पलीकडची बाजू, सगळं. प्रत्येक झाडाचा फोटो, जागा, आणि त्याची गोष्ट लिहा, म्हणजे कुणी लावलं, कुठून आणलं, फळ-फूल कधी येतं. ही माहिती घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे असते, तेव्हा त्यांना खुर्ची टाकून सोबत बसवा. मावशीकडे आम्ही असं केलं तेव्हा कळलं की विहिरीकडचा रायवळ आंबा तिच्या सासूने माहेराहून आणलेल्या कोयीचा आहे आणि तो लोणच्यासाठीच राखलेला, पिकवायचा नाही. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

खाली उगवलेली बारकी रोपंही बघा. शिरोड्याला काकी मला तेव्हाच म्हणालेल्या, "तां झाड नेवन जगाचा नाय गो बाय, बुडात बघ, रोपां इली असतली." मी ऐकलं नाही. बकुळ, सुरंगी, जांभूळ, सोनचाफा यांच्याखाली पातेरा (पडलेला वाळका पाला) बाजूला केला की वीतभर उंचीची रोपं सापडतात, आणि ती न्यायला सगळ्यात सोपी.

२. काय न्यायचं ते ठरवा, सगळं नेता येत नाही

माझा नियम साधा आहे. जे नर्सरीत मिळतं ते सोडा, जे फक्त तुमच्याच परसात आहे ते घ्या. हापूसचं कलम कुठेही मिळेल, जास्वंदही मिळेल. पण घरचा रायवळ, बरका फणस ज्याची चव ठरलेली आहे, आजीची अबोली, देवाला लागणारी गावठी जुई, तिरफळाचं झाड, भाजीचं जुनं अळू, खायच्या पानाचा वेल, याला पर्याय नाही.

मोठं झाड मुळासकट उचलून न्यायचा नाद सोडा. आपल्याकडे वर थोडी माती आणि खाली जांभा, मुळं दगडाच्या फटीत गेलेली असतात, पारयीने खणताना ती तुटतात आणि झाड दोन महिने हिरवं दिसून मग वाळतं. मावशीच्या शेजाऱ्यांनी दहा-बारा वर्षांचा चाफा क्रेनने नेला, पैसे गेले, चाफाही गेला. मोठ्या झाडाची फांदी, काडी किंवा बी न्यायची, झाड नाही.

३. साठेखतात झाडांबद्दल लिहून घ्या

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच लोक फसतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम ८ नुसार जमीन विकली की जमिनीला जोडलेलं सगळं घेणाऱ्याकडे जातं, कागदात वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणजे जमिनीत लावलेली झाडं त्याची. कुंडीतली तुमची. "झाडं काय, न्या की कधीही" असं घेणारा चहा पिताना म्हणतो ते मनापासूनच म्हणतो, पण नंतर कंत्राटदार येतो, त्याला ते माहीत नसतं.

तेव्हा वकिलाला सांगून साठेखतातच हे टाका, वेगळा कागद करत बसू नका:

- कुठली रोपं, कंद आणि वेल आम्ही ताबा देण्याआधी काढून नेणार, नावानिशी.
- ताबा पावसाळ्यानंतर. आम्ही ३० सप्टेंबर ही तारीख घातली. गुटीला (फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणायची पद्धत) आणि कलमाला पावसाळा लागतो, त्यामुळे हे एक वाक्य बाकी सगळ्याच्या वरचं आहे.
- पुढची दोन वर्षं पावसाळ्यात एकदा येऊन काड्या नेऊ द्याव्यात. हा काही पक्का हक्क नव्हे, नवा मालक नाही म्हणाला तर कोर्टकचेरी करण्यात अर्थ नाही, पण लिहिलेलं असलं की माणूस सहसा शब्द पाळतो.

वकील म्हणेल हे कशाला, असं कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहायला लावा. आमच्या वकिलांनाही आधी पटत नव्हतं, घेणाऱ्यांना मात्र काहीच अडचण नव्हती, उलट त्यांनीच विचारलं की आंब्याचं काय करायचं, ठेवू का.

अजून एक गोष्ट घेणाऱ्याच्या कानावर घाला. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे आणि आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, खैर, ऐन, किंजळ अशी झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत घर असेल तर तिथे १९७५ चा वेगळा कायदा लागतो. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं. धमकी म्हणून नको, माहिती म्हणून सांगा. माड, पोफळ, चाफा मात्र १९६४ च्या त्या यादीत नाहीत, त्यामुळे गावात त्यांना हा आधार नाही हे लक्षात ठेवा.

४. भाऊबंदांना विचारल्याशिवाय कोयता लावू नका

आपल्याकडे जमीन एकाच्या नावावर आणि झाड दुसऱ्याच्या हिश्शाचं असं सर्रास असतं. हा फणस धाकट्या काकांचा, तो माड आत्याचा. सातबारावर ते दिसेलच असं नाही पण घरात सगळ्यांना माहीत असतं. विक्रीच्या वेळी मनं आधीच दुखावलेली असतात, त्यात कुणी न सांगता रोपं नेली की भांडण पैशावरून नाही तर अबोलीवरून होतं, मी पाहिलंय. आधी सगळ्यांना फोन करा, कुणाला काय हवंय विचारा, आणि प्रत्येक झाडाची दोन-तीन रोपं होतील असं बघा म्हणजे वाटता येतील.

जवळ ठेवायचे कागद: सातबारा, ८अ, फेरफार, घरपट्टीची पावती, साठेखताची झेरॉक्स, आणि झाडांची फोटोसकट यादी. या यादीच्या दोन प्रती काढून दोघांच्या सह्या घ्या.

५. पावसाळा हातात असेल तर गुटी बांधा

अनंत, जाम, लिंबू, पेरू, हिरवा चाफा, अशांसाठी गुटी सगळ्यात खात्रीची. मला आधी भीती वाटायची, पण एकदा हात बसला की दहा मिनिटांचं काम आहे.

सामान: धारदार चाकू किंवा नवं ब्लेड, मॉस (शेवाळ), नाही मिळालं तर भिजवलेलं कोकोपीट, प्लास्टिकचे वीतभर तुकडे, सुतळी.

जूनच्या शेवटी, पाऊस नीट लागला की पेन्सिलएवढ्या जाडीची, गेल्या वर्षी आलेली सरळ फांदी निवडा. दोन बाजूंनी गोल काप घेऊन मधली साल एक इंचभर पूर्ण काढा. खालचं लाकूड हाताला गुळगुळीत, बुळबुळीत लागतं, तो बुळबुळीतपणा चाकूच्या पाठीने खरवडून टाकायचा, नाहीतर साल परत जुळते आणि मुळं येतच नाहीत. माझ्या पहिल्या चार गुट्या अशाच फुकट गेल्या. मग ओलं मॉस पिळून मुठीएवढा गोळा त्या कापावर लावा, वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकं सुतळीने आवळा, वरचं टोक जास्त घट्ट, कारण तिथून पावसाचं पाणी आत गेलं तर सगळं कुजतं.

सहा ते आठ आठवड्यांनी प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात. मावशीकडे श्रावणात अनंताच्या गुटीत अशी शेवयांसारखी मुळं प्लास्टिकला चिकटलेली दिसली तेव्हा मावशी बराच वेळ तिथेच उभी होती. मुळं थोडी तपकिरी व्हायला लागली की गुटीच्या खाली फांदी कापा, अर्धी पानं काढा, पिशवीत लावा आणि सावलीत ठेवा.

एका झाडाला एक गुटी बांधून थांबू नका. पाच बांधा, तीन लागतील.

मोगरा, जाई, जुई यांना गुटी नको, खालची फांदी वाकवून मातीत दाबा, वर दगड ठेवा, महिना-दीड महिन्यात मुळं धरते. मिरीवेलाच्या बाबतीत एक चूक सगळे करतात, वरच्या फळ देणाऱ्या आडव्या फांद्या नेतात. त्या लागल्या तर झुडूप होतं, वेल चढत नाही. बुंध्यापाशी जमिनीवर पसरणारे लांब धावते फुटवे असतात ते न्या. नीरफणसाला बी नसते, त्याच्या मुळावर फुटलेलं रोप शोधून मुळाच्या तुकड्यासकट काढायचं.

६. आंबा, फणस, कोकम: इथे घाई चालत नाही

रायवळ आंब्याची कोय पुरली तर आंबा येईल, पण तोच येईल असं नाही. तीच चव हवी तर कलमच करावं लागतं. जून ते ऑगस्टमध्ये कोय कलम करतात, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही रायवळाची कोय रुजवायची, रोप दहा-पंधरा दिवसांचं आणि पानं तांबूस असताना त्यावर आपल्या झाडाची काडी बांधायची. काडी तीन-चार महिने वयाची, डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशी. आणि काडी तोडायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटावी लागतात. म्हणजे गावाला दोन खेपा. हे माहीत नसल्याने लोक एकाच खेपेत काड्या तोडून नेतात आणि कलमं फसतात. पहिली खेप जमत नसेल तर शेजाऱ्याला फोन करून पानं छाटायला सांगा. तोडलेल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि दोन-तीन दिवसांत बांधून झाल्या पाहिजेत.

स्वतः कलम बांधता येत नसेल तर जवळच्या कलम बांधणाऱ्या माणसाला किंवा रोपवाटिकेत आधीच सांगून ठेवा, पावसात त्यांना डोकं वर काढायला वेळ नसतो. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र ही त्यातली जाणती ठिकाणं, तिथे जाऊन बघितलं तरी खूप कळतं.

कोकमाचं एक सांगते कारण यात वर्षं वाया जातात. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या झाडात नर आणि मादी वेगळी असतात, बी लावलं तर साधारण अर्धी झाडं नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. तेव्हा घरच्या रातांब्याची आठवण म्हणून बी लावत असाल तर एक लावू नका, पाच-सहा लावा, किंवा फळ देणाऱ्या झाडाच्या काडीचं कलम करून घ्या. जायफळाचंही तसंच.

फणसाची आठळी, आंब्याची कोय, कोकमाचं बी, ही बियाणी वाळवून डब्यात ठेवायची नसतात. वाळली की मेली. फळ खाल्लं की धुऊन लगेच मातीत.

७. उन्हाळ्यातच घर सोडावं लागलं तर

आमच्या शिरोड्यासारखं. मे महिन्यात फांद्या तोडून नेऊ नका, वाटेतच वाळतात. पण तेव्हाही बरंच हाती लागतं. हळद, आंबेहळद, आलं, सुरण, सोनटक्का यांचे कंद जमिनीत झोपलेले असतात, पानं नसली तरी जागा लक्षात ठेवून खणा. अळूचे गड्डे न्या. सुरंगीच्या झाडाखाली बिया पडलेल्या असतात. नारळ न्यायचा तर पाडलेला हिरवा नको, झाडावर अकरा-बारा महिने राहिलेला, पाणी वाजणारा, आणि तो सावलीत तसाच ठेवून पावसाच्या तोंडावर रोपासाठी लावायचा. पोफळीचंही पूर्ण पिकलेलं, नारिंगी फळच.

गावठी अबोलीचं बी तर अगदी सोपं होतं, हे मला नंतर कळलं आणि अजून हळहळ वाटते. फुलं गळून गेलेल्या वाळक्या कणसात बोंडं असतात. ती ओली झाली की तडतडून फुटतात आणि बी लांब उडतं, म्हणून दुपारच्या उन्हात कोरडी असताना अख्खं कणीस कापून कागदी पाकिटात टाकायचं. पाकिटाचं तोंड दुमडून ठेवा. पाच मिनिटांचं काम. आजीची अबोली एवढ्याने वाचली असती.

हातात आठच दिवस असतील तर क्रम असा ठेवा: आधी बुडातली रोपं, मग कंद, मग बिया, मग वेलांचे तुकडे, आणि पावसाळा असेल तरच शेवटी फांद्या. आणि चावी दिल्यावर काहीही आणायला गुपचूप जाऊ नका, घेणाऱ्याला फोन करून विचारा. शिरोड्याच्या घेणाऱ्यांना मी जूनमध्ये नुसता फोन केला असता तर त्यांनी जेसीबी चार दिवस थांबवला असता असं मला आता वाटतं.

८. नावं लिहा, आणि पुसली जाणार नाहीत अशी लिहा

मार्करने कागदावर लिहिलेलं पहिल्या सरीत जातं. मी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनच्या पट्ट्या कापल्या, खिळ्याने त्यावर नाव कोरलं आणि तारेने बांधल्या. पाऊस कितीही पडो, टिकतात. कापताना हात सांभाळा. पट्टीवर फक्त "आंबा" लिहू नका, "विहिरीकडचा, लोणच्याचा" असं लिहा.

९. नेणं, आणि पहिले पंधरा दिवस

रोप काढताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी घाला, सकाळी लवकर काढा, ओल्या गोणपाटात गुंडाळून सुंभाने बांधा. टेम्पोत नेत असाल तर रात्रीचा प्रवास, वरून शेडनेट, उघड्या वाऱ्यात पानं झोडपून निघतात. रेल्वेने किंवा एसटीने फक्त काड्या, कंद आणि बारकी रोपं. जुन्या जागेची दोन घमेली माती, पातेरा कुजलेला वरचा थर, सोबत घ्या आणि प्रत्येक पिशवीत मूठमूठ घाला.

नवीन ठिकाणी पोचल्यावर लगेच उन्हात किंवा खड्ड्यात नको. दहा-पंधरा दिवस सावलीत, नवीन पालवी दिसली की मग. शेणखत पण तेव्हाच. घाईने ताजं शेण घातलं तर मुळं जळतात आणि वाळवी येते.

१०. कुठे लावायची?

डोंबिवलीच्या गॅलरीत फणस वाढत नाही. गॅलरीत अबोली, मोगरा, पानवेल, गवती चहा, कढीलिंब, जास्वंद एवढं होतं. बाकीच्यासाठी जागा शोधा: गावातच राहिलेले शेजारी, नातेवाईक, शाळेचं आवार, देवळाचं आवार. विचारलं की लोक आनंदाने हो म्हणतात, मात्र पहिल्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार ते ठरवूनच द्या.

एका जातीची रोपं किमान तीन घरी द्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या वाड्याच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. आमच्या एका नातेवाइकांची श्रीवर्धनी रोठा सुपारीची सगळी बाग गेली आणि ती जात त्यांना परत मिळाली ती अलिबागला दिलेल्या लेकीच्या अंगणातून, तिने पूर्वी हौसेने दोन रोपं नेली होती.

११. निघायच्या दिवशी

घर सोडताना आपल्याकडे जागेच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, तुमच्याकडे पद्धत असेल तर चुकवू नका, आणि तेव्हा घेणाऱ्यांनाही बोलवा. मावशीने बोलावलं होतं. गाऱ्हाणं झाल्यावर तिने त्यांना हात धरून सगळं परस फिरवून दाखवलं, कुठल्या माडाचं पाणी गोड, कुठल्या फणसाला कधी हात लावायचा, विहिरीकडच्या आंब्याचं लोणचं कसं घालायचं. यादीची एक प्रत त्यांना दिली. तो आंबा त्यांनी तोडला नाही. या जूनमध्ये मी काड्यांसाठी फोन केला तर समोरून त्या बाईच म्हणाल्या, पानं छाटून ठेवू ना आठ दिवस आधी, किती काड्यांची?